समेट सरकारांचा, हिशेब माणसांचा

 ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला आणि ते साल संपेपर्यंत त्या एका शहरात सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली. ज्या विमानाने तो टाकला ते 'एनोला गे' आजही शाबूत आहे. वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळालगत स्मिथसोनियन संस्थेचे हवाई संग्रहालय आहे, तिथे ते लखलखीत करून ठेवले आहे. २००३ मध्ये ते तिथे मांडले गेले तेव्हा शेजारच्या फलकावर विमानाचा आकार, इंजिने, बनावट यांची माहिती होती. बॉम्बने किती माणसे मेली तो आकडा नव्हता. बॉम्बमधून वाचलेल्या जपानी वृद्धांनी आणि काही अमेरिकी इतिहासकारांनी तो मागितला. संग्रहालयाने नकार दिला.

हिरोशिमाच्या संग्रहालयात तीन वर्षांच्या मुलाची जळकी तीनचाकी सायकल आहे, आतले अन्न कोळसा झालेला शाळकरी मुलाचा डबा आहे, बँकेच्या दगडी पायरीवर उमटलेली माणसाची सावली आहे. पाहणारा तिथून सुन्न होऊन बाहेर पडतो, पण हे युद्ध कोणी सुरू केले आणि त्याआधी चीनमध्ये काय झाले, हे त्याला तिथे फारसे कळत नाही. हिरोशिमा हे लष्कराचे जुने ठाणे होते. १८९४ च्या चीनविरुद्धच्या युद्धात सम्राटाने आपला मुक्कामच या शहरात हलवला होता. ही बाजू संग्रहालयात थोडीफार मांडली गेली तीही १९९४ मध्ये, नव्या दालनाबरोबर.

एका ठिकाणी विमान आहे आणि माणसे गायब आहेत. दुसऱ्या ठिकाणी माणसे आहेत आणि युद्ध गायब आहे. हे दोन देश आज एकमेकांचे सर्वांत घट्ट मित्र म्हणवतात, आणि ती मैत्री खोटी मुळीच नाही. पण सरकारांनी ती जमवली आठवणींना बगल देऊन. बगल दिलेल्या त्या आठवणींचा हिशेब दोन्हीकडच्या साध्या माणसांनी पुढे आयुष्यभर आपल्या पदरमोडीने केला. या माणसांविषयी बोलले पाहिजे, असे आम्हांला वाटते.

अमेरिकेची गोष्ट ७ डिसेंबर १९४१ ला सुरू होते. त्या रविवारी सकाळी पर्ल हार्बरवर जपानी विमाने आली आणि २,४०३ अमेरिकी माणसे मेली. त्यांतले १,१७७ जण एकट्या 'ॲरिझोना' या युद्धनौकेवरचे होते. ती नौका आजही बंदराच्या तळाशी आहे, तिच्यातून अजून तेलाचे थेंब वर येतात, आणि तिच्यावर आडवे बांधलेले पांढरे स्मारक पाहायला रोज रांगा लागतात. जवळच 'मिसुरी' ही दुसरी युद्धनौका उभी केलेली आहे. टोकियोच्या उपसागरात २ सप्टेंबर १९४५ ला जपानने शरणागतीवर सही केली ती हिच्या डेकवर. गोष्टीची सुरुवात आणि शेवट असे एकाच बंदरात समोरासमोर आहेत. मधली पावणेचार वर्षे म्हणजे दगा, निर्धार आणि विजय. या गोष्टीत अणुबॉम्बची जागा ठरलेली आहे: त्याने युद्ध संपवले आणि लाखो जीव वाचवले.

हे समर्थन पूर्ण आकारात लोकांपुढे आले ते १९४७ च्या फेब्रुवारीत. त्याआधी, ऑगस्ट १९४६ मध्ये, 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकाने आपला एक अख्खा अंक जॉन हर्सी यांच्या हिरोशिमावरच्या एकाच वृत्तांताला दिला होता. बॉम्बखाली सापडलेल्या सहा माणसांची ती हकीकत वाचून अमेरिकी मने हलली. तेव्हा माजी युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी 'हार्पर्स' मासिकात लेख लिहून सांगितले की, जपानवर प्रत्यक्ष चढाई करावी लागली असती तर एकट्या अमेरिकी फौजेचे दहा लाखांवर लोक मेले किंवा जखमी झाले असते. तो आकडा पुढे पाठ्यपुस्तकांत गेला, घराघरांत गेला. क्यूशू बेटावर १ नोव्हेंबर १९४५ ला उतरण्याची योजना तयार होती, आणि त्यासाठी पॅसिफिकमध्ये थांबलेल्या विशी-बाविशीतल्या सैनिकांना ऑगस्टमध्ये सुटल्यासारखे वाटले यात नवल नाही. त्यांनी इवो जिमाची लढाई पाहिली होती, ओकिनावाची पाहिली होती. जपानी छावण्यांत युद्धकैदी म्हणून गेलेल्या त्यांच्या बांधवांपैकी दर दहांतले चार परतले नव्हते. या सैनिकाच्या तोंडून 'बॉम्बमुळे मी जगलो' हे वाक्य येते तेव्हा त्याला खोटे पाडण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्रश्न एका सैनिकाच्या वाक्याचा नसून त्याचे राष्ट्राचे अंतिम उत्तर करण्याचा आहे. शरणागतीमागे ८ ऑगस्टला सोव्हिएत संघाने जपानविरुद्ध पुकारलेल्या युद्धाचा वाटा किती, यावर इतिहासकारांचा वाद आजही चालू आहे. जपानमध्ये जन्मून अमेरिकेचे नागरिक झालेले त्सुयोशी हासेगावा यांनी २००५ मध्ये हा वाटा निर्णायक असल्याचे दाखवणारा भक्कम ग्रंथ लिहिला.

हा वाद लोकांसमोर नेण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न अमेरिकेत झाला आणि तो मोडून काढला गेला. १९९५ हे युद्धसमाप्तीचे पन्नासावे वर्ष होते. स्मिथसोनियनच्या अभ्यासकांनी 'एनोला गे'भोवती प्रदर्शन आखले. त्यात हिरोशिमातल्या वस्तू आणि छायाचित्रे ठेवायची होती, आणि बॉम्बच्या निर्णयावरचे मतभेदही मांडायचे होते. माजी सैनिकांच्या संघटना खवळल्या, सिनेटने निषेधाचा ठराव केला आणि जानेवारी १९९५ मध्ये प्रदर्शन रद्द झाले. संचालक मार्टिन हारविट यांना मे महिन्यात राजीनामा द्यावा लागला. विमान तेवढे मांडले गेले.

तरी काळ आपले काम करतोच. ऑगस्ट १९४५ मध्ये गॅलपच्या पाहणीत ८५ टक्के अमेरिकनांनी बॉम्बला पाठिंबा दिला होता. २०१५ मध्ये प्यू संस्थेला ५६ टक्के लोक हा वापर योग्य म्हणणारे आढळले. जपानमध्ये हेच प्रमाण १४ टक्के होते. जुलै २०२५ मध्ये प्यूने अमेरिकेचे नवे आकडे दिले: ३५ टक्के योग्य म्हणतात, ३१ टक्के अयोग्य, आणि ३३ टक्क्यांना ठरवता येत नाही. ठरवता न येणाऱ्या या एक तृतीयांश लोकांकडून आम्हांला सर्वांत जास्त आशा आहे. पाठ केलेले उत्तर त्यांनी सोडले आहे आणि दुसरे अजून उचललेले नाही. संग्रहालयाच्या फलकावर मृतांचा आकडा असता तर तो यांच्या कामी आला असता.

जपानची गोष्ट दुसऱ्याच ठिकाणी सुरू होते. घराघरांत सांगितल्या जाणाऱ्या जपानी आठवणीत युद्ध आकाशातून येते. सायरन, आग, पाण्यासाठी नदीकडे धावणारी माणसे, हरवलेले धाकटे भावंड. चीन, मलाया, बर्मा इथे काय केले ते सांगणारे बाप आणि आजोबा थोडे. ते परतले आणि गप्प राहिले. सांगितले ते घरी राहिलेल्या बायकांनी आणि मुलांनी, आणि त्यांनी आगच पाहिली होती. मराठी वाचकाला ही आग ओळखीची आहे, पण ती कोणी लावली होती ते बहुधा लक्षात राहिलेले नाही. तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' मराठीत कितीतरी घरांत पोचले आहे. रेल्वेच्या डब्यांत भरणारी ती शाळा शेवटी जळून जाते, ती अमेरिकेच्या बी-२९ विमानांच्या बॉम्बने. १० मार्च १९४५ च्या पहाटेपर्यंतच्या एका रात्रीत टोकियोत सुमारे एक लाख माणसे जळून किंवा गुदमरून मेली. पुढे पाच महिने एकामागून एक साठाहून अधिक शहरे अशीच पेटवली गेली. अणुबॉम्ब या मालिकेच्या शेवटी आले.

ही मोहीम आखणारे जनरल कर्टिस लमे यांना जपान सरकारने १९६४ मध्ये उगवत्या सूर्याचा सन्मान दिला. जपानचे नवे हवाई दल उभारायला त्यांनी मदत केली, हे कारण. ज्या शहरांनी त्यांची विमाने पाहिली होती त्या शहरांतली माणसे तेव्हा चाळिशी-पन्नाशीत होती, आणि त्यांना कोणी विचारले नाही. टोकियोच्या त्या रात्रीचे कागद, चित्रे, जबान्या जपणारे संग्रहालय आज आहे, पण ते सरकारचे नाही. राजधानीतल्या योजना बारगळल्यावर लोकांनी वर्गणी काढून कोतो भागात २००२ मध्ये ते उघडले. सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना जपान सरकार निवृत्तिवेतन देत आले आहे. हवाई हल्ल्यात मेलेल्या, भाजलेल्या, अनाथ झालेल्या नागरिकांना मात्र भरपाई नाही. टोकियोतल्या हल्लापीडितांनी २००७ मध्ये सरकारवर दावा लावला. तो खालपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत फेटाळला गेला.

ही बगल कशी दिली गेली ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यातून आले आहे. शरणागतीनंतर जपानवर अमेरिकेचा ताबा आला. सप्टेंबर १९४५ पासून वृत्तपत्रांवर निर्बंध आले आणि १९४९ पर्यंत अणुबॉम्बच्या परिणामांवर मोकळेपणाने छापता येत नव्हते. हर्सी यांचा वृत्तांतही जपानी वाचकांना १९४९ मध्येच वाचायला मिळाला. शेजारच्या गावात माणसे कशाने मरत आहेत हे जपानी माणसाला जपानी वर्तमानपत्रातून कळत नव्हते. त्याच काळात सम्राट हिरोहितो यांच्यावर खटला चालवायचा नाही हे अमेरिकेने ठरवले, कारण राज्य चालवायला ते हवे होते. ज्यांच्या नावाने युद्ध झाले त्यांनाच कोणी जाब विचारला नाही, तेव्हा खालच्यांनी स्वतःला तो का विचारावा? नोबुसुके किशी पहिल्या श्रेणीचे संशयित युद्धगुन्हेगार म्हणून तुरुंगात होते. ते १९४८ मध्ये सुटले आणि १९५७ मध्ये पंतप्रधान झाले. शीतयुद्धात जपान अमेरिकेच्या बाजूला हवा होता, म्हणून दोन्ही बाजूंच्या चौकशा आवरत्या घेण्यात आल्या.

मग १९५१ चा सॅन फ्रान्सिस्को तह झाला. त्याच्या १९ व्या कलमाने जपानने स्वतःचे आणि आपल्या नागरिकांचेही दोस्त राष्ट्रांविरुद्धचे युद्धातले सगळे दावे सोडून दिले. हिरोशिमात मुले गमावलेल्या बापाचा अमेरिकेवरचा दावा टोकियोतल्या सरकारने परस्पर सोडला. हिरोशिमा-नागासाकीतल्या पाच जणांनी तरीही १९५५ मध्ये जपान सरकारलाच न्यायालयात खेचले. आठ वर्षे तो खटला चालला. टोकियो जिल्हा न्यायालयाने निकालात सांगितले की, अणुबॉम्ब टाकणे आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग होते, पण फिर्यादींना भरपाई मागण्याचा हक्क नाही. पीडितांसाठी पुढाऱ्यांनी काही न केल्याबद्दल, राजकारणाच्या या दारिद्र्याबद्दल न्यायाधीशांनी खंतही नोंदवली. निकालाची तारीख होती ७ डिसेंबर १९६३. अमेरिकेत पर्ल हार्बरचा दिवस म्हणून ओळखली जाणारी ही तारीख जपानी न्यायाधीशांना ठाऊक नसेल असे वाटत नाही. भारताने मात्र सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या तहावर सही केली नव्हती. नेहरूंच्या सरकारने जपानशी १९५२ मध्ये वेगळा तह केला आणि भरपाईचा हक्क सोडला. जपानला पराभूत म्हणून न वागवता बरोबरीने वागवावे ही त्यामागची भूमिका.

गप्पपणा फुटला तो एका मासेमारी बोटीमुळे. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. तिची पांढरी राख दूरवर मासेमारी करणाऱ्या 'लकी ड्रॅगन' बोटीवर पडली आणि बोटीवरचे रेडिओचालक आइकिची कुबोयामा सप्टेंबरात वारले. टोकियोच्या सुगिनामी भागातल्या गृहिणींनी सह्या गोळा करायला सुरुवात केली. मासळीबाजारात काय येते आणि मुलांच्या ताटात काय पडते, हा त्यांचा प्रश्न होता. वर्ष-दीड वर्षात तीन कोटींवर सह्या झाल्या. बॉम्बमधून वाचलेले लोक, ज्यांना जपानीत हिबाकुशा म्हणतात, तोवर आपले व्रण लपवून जगत होते. लग्ने मोडतील, नोकऱ्या जातील या भीतीने ते बोलत नव्हते. या सह्यांच्या लाटेने त्यांना बाहेर आणले. १९५६ मध्ये त्यांची 'निहोन हिदान्क्यो' ही संघटना उभी राहिली.

अमेरिकी सरकारने एका बाबतीत मात्र खरा हिशेब केला, आणि तो सांगितला नाही तर अन्याय होईल. पर्ल हार्बरनंतर, १९ फेब्रुवारी १९४२ च्या अध्यक्षीय आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडायला लावून काटेरी तारांच्या छावण्यांत डांबले गेले. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. याच छावण्यांतून भरती झालेले तरुण आणि हवाईतले त्यांचे सोबती ४४२ व्या पलटणीतून युरोपात लढले. फ्रेड कोरेमात्सु यांनी छावणीत जायला नकार दिला. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले आणि १९८३ मध्ये त्यांची शिक्षा रद्द झाली. छावण्यांत वाढलेल्या मुलांनी मोठे होऊन गप्प राहिलेल्या आईबापांना बोलते केले, अमेरिकी काँग्रेससमोर साक्षी दिल्या, आणि १९८८ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने देशाने माफी मागून हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले. ही माफी अमेरिकेने आपल्याच नागरिकांची मागितली, म्हणून ती शक्य झाली, हे खरे. तरी ती मागितली गेली. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी लष्कराच्या संकेतस्थळावरून ४४२ व्या पलटणीचे पान काढले गेले आणि ओरड झाल्यावर परत लावावे लागले. एकदा केलेला हिशेबही राखावा लागतो.

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या माणसांकडे येऊ.

रिचर्ड फिस्क हे पर्ल हार्बरमध्ये 'वेस्ट व्हर्जिनिया' नौकेवरचे बिगुलवादक होते. पुढे ते इवो जिमावरही लढले. जपान्यांविषयीचा द्वेष त्यांनी कित्येक वर्षे उराशी धरला. १९९१ मध्ये हल्ल्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा हवाईत त्यांची गाठ झेंजी आबे यांच्याशी पडली. आबे त्या सकाळी बॉम्बफेकी विमान चालवत होते. आबेंनी फिस्कना पैसे दिले आणि विनंती केली की, दर महिन्याला 'ॲरिझोना'च्या स्मारकावर गुलाबाची फुले वाहा आणि मृतांसाठी बिगुल वाजवा. फिस्कनी ते २००४ मध्ये मरेपर्यंत केले.

शिझुओका शहरावर जून १९४५ मध्ये हल्ला झाला तेव्हा दोन बी-२९ विमाने एकमेकांवर आदळून कोसळली. शहरात सुमारे दोन हजार लोक मेले होते, आणि विमानांतले २३ अमेरिकी मेले. तिथल्या एका शेतकऱ्याने त्या वैमानिकांनाही शहरातल्या मृतांच्या बरोबरीने मूठमाती दिली, त्यासाठी शेजाऱ्यांचे शिव्याशाप सोसले आणि पुढे डोंगरावर दोघांसाठी स्मारके बांधली. विमानांच्या अवशेषांत त्याला एक काळवंडलेली पाण्याची बाटली सापडली होती. ती नंतर गावातल्या एका डॉक्टरांकडे आली. ते दरवर्षी तिच्यातून स्मारकावर अमेरिकी व्हिस्की ओतत, आणि हाच विधी करायला पर्ल हार्बरलाही जात. नागाओका हे पर्ल हार्बरचा हल्ला आखणाऱ्या ॲडमिरल यामामोतोंचे गाव. १ ऑगस्ट १९४५ च्या हल्ल्यात तेही जळाले आणि सुमारे दीड हजार लोक मेले. या गावाने होनोलुलूशी नाते जोडले आणि २०१५ च्या १५ ऑगस्टला पर्ल हार्बरच्या पाण्यावर आपली पांढऱ्या शेवंतीची आतषबाजी केली.

या सगळ्यांत आम्हांला शिगेआकी मोरी यांचे काम सर्वांत मोठे वाटते. बॉम्ब पडला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. पुलावरून जात असताना धक्क्याने खाली नदीत फेकले गेले आणि वाचले. मोठेपणी नोकरी केली. इतिहासकार व्हायचे होते ते जमले नाही, म्हणून सुटीच्या दिवशी ते इतिहास शोधू लागले. त्यांना कळले की, त्या दिवशी हिरोशिमात लष्करी पोलिसांच्या कोठडीत अमेरिकी वैमानिक होते. जुलैअखेरीस पाडलेल्या विमानांतले ते कैदी. कोठडी स्फोटाच्या केंद्रापासून अवघ्या चारेकशे मीटरवर होती. मोरींनी जपानी दप्तरे चाळली, मग अमेरिकेतल्या टेलिफोन यादीतली आडनावे घेऊन एकामागून एक घरी फोन लावले. इंग्रजी जेमतेम येत होते, खर्च स्वतःचा. यात वर्षानुवर्षे गेली. एका विमानाचा कप्तान, टॉमस कार्टराइट, चौकशीसाठी टोकियोला नेल्यामुळे वाचला होता. त्याच्याशी मोरींचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि सोबत्यांची माहिती मिळत गेली. अशी बारा नावे त्यांनी निश्चित केली, कुटुंबांना कळवले, नावे आणि छायाचित्रे हिरोशिमाच्या मृतांच्या नोंदीत घालून घेतली आणि १९९८ मध्ये कोठडीच्या जागी स्वतःच्या पैशाने फलक बसवला. ज्या देशाने त्यांच्या शहरावर बॉम्ब टाकला त्या देशाच्या बारा मुलांची नावे त्या देशाला एका जपानी कारकुनी माणसाने शोधून दिली.

२७ मे २०१६ ला बराक ओबामा हिरोशिमात आले. पदावर असताना तिथे आलेले ते पहिले अमेरिकी अध्यक्ष. भाषणात त्यांनी मोरींचा उल्लेख केला, आणि नंतर वृद्ध मोरी हुंदके देऊ लागले तेव्हा त्यांना मिठीत घेतले. ते छायाचित्र जगभर गेले. डिसेंबरात जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे ओबामांबरोबर पर्ल हार्बरला गेले. दोघांनीही माफी मागितली नाही, आणि मागणार नाहीत हे आधीच ठरले होते. या भेटी आम्ही तुच्छ मानत नाही; त्यांच्याविना आणखी काही वर्षे गप्पच गेली असती. पण मिठीपर्यंत पोचायची वाट मोरींनी एकट्याने चालली होती आणि दोन्ही सरकारे फक्त शेवटच्या पायरीवर हजर झाली. २०२३ मध्ये हिरोशिमाची शांतिबाग आणि पर्ल हार्बरचे स्मारक यांच्यात भगिनी-उद्यानाचा करार झाला. हिबाकुशांपैकी अनेकांनी त्याला विरोध केला. लष्करी तळावरचा हल्ला आणि अख्ख्या शहराचा संहार यांना एका तागडीत घातल्यावर अमेरिकेच्या जबाबदारीचा प्रश्नच मिटतो, असे त्यांचे म्हणणे. आम्हांला ते पटते.

दोघांनीच मांडलेल्या हिशेबात तिसरा बाहेर राहतो. हिरोशिमात मेलेल्यांत हजारो कोरियन होते, त्यांतले कितीतरी जण सक्तीच्या मजुरीला आणलेले. त्यांचे स्मारक १९७० मध्ये झाले ते शांतिबागेच्या बाहेर, आणि ते आत यायला १९९९ साल उजाडले. युद्धातल्या मृतांना वाहिलेल्या टोकियोतल्या यासुकुनी देवळात १९७८ मध्ये पहिल्या श्रेणीच्या चौदा युद्धगुन्हेगारांची नावे गुपचूप दाखल झाली. त्यावरचे चीन आणि कोरियाचे आक्षेप आजही तसेच आहेत. देवळाशेजारच्या संग्रहालयातला अमेरिकेविषयीचा मजकूर मात्र टीका झाल्यावर २००७ मध्ये बदलला गेला. त्याच देवळाच्या आवारात न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांचे स्मारक आहे. जपानी युद्धगुन्हेगारांवरच्या टोकियो खटल्यात सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारा एकमेव निकाल या भारतीय न्यायाधीशाचा होता, म्हणून जपानी उजव्यांना ते प्रिय. जपानी सैन्याने अत्याचार केल्याचा पुरावा प्रचंड आहे, असेही पाल यांनी त्याच निकालात नोंदवले होते. स्मारकाला नमस्कार करणाऱ्यांना तो भाग सांगितला जात नाही.

आणि आपण? जपानकडे भारत बहुधा नेताजींच्या आझाद हिंद सेनेतून पाहतो, आणि ते स्वाभाविक आहे. पण अंदमानात जपानी फौज १९४२ ते १९४५ होती, तिथले डॉक्टर दिवाणसिंग यांचा छळ करून जीव घेतला गेला आणि ३० जानेवारी १९४४ ला हेरगिरीच्या संशयावरून ४४ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये मणिपूरमधल्या सांगशाक गावात मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन जपान्यांशी लढली. साताऱ्या-कोल्हापूरकडची, कोकणातली पोरे या पलटणींत होती. सहा ऑगस्टला लोकसभेत हिरोशिमाच्या मृतांना श्रद्धांजली वाहिली जाते, ती वाहिलीच पाहिजे. अंदमानातल्या त्या ४४ जणांचा दिवस किती जणांना ठाऊक आहे?

शत्रुमित्र न पाहता सगळ्यांची नावे लिहिण्याचे धाडस एका ठिकाणी झाले आहे. ओकिनावात, माबुनीच्या कड्यावर, काळ्या दगडी पाट्यांच्या रांगा आहेत. २३ जून १९९५ ला त्या उघडल्या गेल्या. त्यांवर ओकिनावाचे नागरिक, जपानी सैनिक, चौदा हजारांवर अमेरिकी, ब्रिटिश, तैवानी आणि कोरियन अशी २ लाख ४२ हजारांवर नावे आहेत, आणि दर जूनमध्ये नवी नावे सापडतील तशी कोरली जातात. कोरियन नावे काही शेच आहेत; मेलेले त्याहून कितीतरी अधिक. काही कुटुंबांना ज्यांनी फरफटत आणले त्यांच्या शेजारी आपल्या माणसाचे नाव नको होते. ओकिनावाचे स्मारक तेही मान्य करते आणि जागा मोकळी ठेवते. याच ओकिनावावर, जपानच्या अर्धा-पाऊण टक्का भूभागावर, अमेरिकेच्या जपानमधल्या खास लष्करी जागेपैकी सुमारे ७० टक्के आहे. दोन सरकारांच्या मैत्रीचे भाडे हे बेट भरते.

जून २०२५ मध्ये हेग इथे डोनाल्ड ट्रम्प यांनी इराणवरच्या हल्ल्याची तुलना हिरोशिमा-नागासाकीशी केली आणि त्यानेही युद्ध संपले होते असे सांगितले. हिरोशिमाच्या नगरसभेने दुसऱ्याच दिवशी ठराव करून बॉम्बचे समर्थन नाकारले. टोकियोचा सूर त्यामानाने फार नरम होता. मार्च २०२५ च्या अखेरीस हिबाकुशांची संख्या पहिल्यांदा एक लाखाच्या खाली आली: ९९,१३०. सरासरी वय ८६.

१० डिसेंबर २०२४ ला ऑस्लोत निहोन हिदान्क्योला नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. संघटनेच्या वतीने ९२ वर्षांचे तेरुमी तानाका बोलले. नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. भाषण चालू असताना त्यांनी हातातला मजकूर क्षणभर बाजूला ठेवला आणि जपान सरकारने बॉम्बने मेलेल्यांना काहीही भरपाई दिलेली नाही, हे पुन्हा एकदा ठासून सांगितले. मंच जगाचा होता, पुरस्कार अण्वस्त्रविरोधाचा होता, आणि या वृद्धाने तिथे स्वतःच्या सरकारकडे बोट दाखवले. हिदान्क्योच्या मागण्या पहिल्यापासून दोन आहेत: अमेरिकेसह सर्वांनी अण्वस्त्रे सोडावीत, आणि युद्ध सुरू करणाऱ्या जपानी राज्याने मृतांची भरपाई करावी. अण्वस्त्रबंदीचा करार जानेवारी २०२१ पासून लागू आहे. जपानने त्यावर सही केलेली नाही, आणि मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला त्या करारातल्या देशांची बैठक झाली तिथे निरीक्षक म्हणूनही जपान गेला नाही, कारण त्याच्या डोक्यावर अमेरिकेच्याच अण्वस्त्रांचे छत्र आहे. दर सहा ऑगस्टला हिरोशिमाच्या शांतिबागेत जपानचे पंतप्रधान बोलतात. त्यांनी दरवर्षीचे शोकाचे शब्द वाचण्याआधी तानाकांच्या दुसऱ्या मागणीला हो किंवा नाही, एवढे उत्तर द्यावे.